आठ माणसांमागे एक संडास : न्यायमूर्ती फ्रँक जॉन्सन यांचे हुकूम

एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे : "अमेरिकेतल्या न्यायाधीशांबद्दल वाचायचं म्हटलं की सगळे सुप्रीम कोर्टातलीच नावं सांगतात. आमच्या सरांनी अलाबामाच्या फ्रँक जॉन्सन यांचं नाव घेतलं. ते तर खालच्या कोर्टात होते. खालच्या कोर्टातला न्यायाधीश असं काय करू शकतो की त्याचं आयुष्य अभ्यासावं? आणि इथं वकिली करणाऱ्याला त्यातून काय मिळेल?"

तुमच्या सरांनी नाव अगदी योग्य घेतलं आहे. मी गेली तीस वर्षं वकिली करतो आहे, त्यातला मोठा भाग रिट याचिकांचा. परदेशी न्यायाधीशांपैकी ज्यांचे हुकूम मी पुन्हा पुन्हा काढून वाचले, ते जॉन्सन यांचे. हुकूम म्हणतोय, निकाल नाही. त्यांच्या निकालपत्रांतलं तत्त्वज्ञान फार मोठं नाही, भाषाही साधीच. मोठेपण आहे ते निकालाच्या शेवटच्या पानांवर, जिथे कोणी काय करायचं, किती करायचं आणि कधीपर्यंत करायचं हे लिहिलेलं असतं.

आधी 'खालचं कोर्ट' या शब्दाबद्दल. जॉन्सन १९५५ पासून १९७९ पर्यंत माँटगोमेरी शहरात, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामा राज्याच्या मध्य विभागाच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टात होते. याला आपलं जिल्हा न्यायालय समजू नका. नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट मंजुरी देतं, पद तहहयात असतं. राज्याचा कायदा संविधानात बसत नाही म्हणून तो रद्द करण्याचा अधिकार या कोर्टाला आहे, म्हणजे तेवढ्यापुरतं ते आपल्या हायकोर्टासारखं. पण काम मात्र ट्रायल कोर्टाचं : साक्षीदार पिंजऱ्यात, उलटतपास, रजिस्टरं, ज्युरी. आपल्याकडे रिट कोर्टात सगळं प्रतिज्ञापत्रांवर चालतं, साक्षीपुरावा क्वचितच होतो. जॉन्सन यांच्याकडे संविधानाचा प्रश्न आणि साक्षीपुरावा एकाच टेबलावर यायचा. त्यांची सगळी ताकद तिथून आली असं माझं मत आहे. राज्याच्या कायद्याच्या घटनात्मकतेचा प्रश्न असला की त्या काळी तीन न्यायाधीशांचं खास पीठ बसायचं आणि त्याच्या निकालावर अपील थेट सुप्रीम कोर्टात जायचं. जॉन्सन यांचे अनेक गाजलेले निकाल अशा पीठांवरचे आहेत.

जन्म ३० ऑक्टोबर १९१८, हेलीव्हिल, विन्स्टन काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा). उत्तर अलाबामातला हा डोंगराळ, गरीब शेतकऱ्यांचा मुलूख. कापसाचे मोठे मळे नव्हते, गुलामही फार कमी. १८६१ मध्ये अलाबामानं अमेरिकेतून फुटून निघायचं ठरवलं तेव्हा या काउंटीच्या प्रतिनिधीनं सही करायला नकार दिला होता. दक्षिणेत सगळीकडे डेमोक्रॅट पक्षाचं राज्य असताना इथली कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या रिपब्लिकन. जॉन्सन यांचे वडीलही रिपब्लिकन, काउंटीचे प्रोबेट जज, म्हणजे मृत्युपत्रं आणि वारसा बघणारे न्यायाधीश. अल्पमतात राहायची आणि त्याचं अवडंबर न माजवायची सवय या माणसाला घरातूनच होती. १९४३ मध्ये अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. तिथे त्याच सुमाराला शिकणारा, चांगल्या ओळखीचा एक मुलगा होता जॉर्ज वॉलेस. हे नाव लक्षात ठेवा. त्यानंतर महायुद्धात पायदळात गेले, नॉर्मंडीत लढले, जखमी झाले. परत आल्यावर जॅस्पर गावात वकिली केली. आयझेनहॉवर यांचं सरकार आल्यावर १९५३ मध्ये ते उत्तर अलाबामाचे फेडरल सरकारी वकील झाले. त्या काळात त्यांनी कृष्णवर्णीय शेतमजुरांना कर्जापोटी वेठीला धरून ठेवणाऱ्या दोघा भावांवर खटला चालवला आणि गोऱ्या ज्युरीकडून दोषसिद्धी मिळवली.

नोव्हेंबर १९५५ मध्ये ते न्यायाधीश झाले. वय ३७. काही आठवड्यांतच, १ डिसेंबरला, त्याच शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय बाईंनी गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडायला नकार दिला, आणि कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला.

बहिष्काराची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बसमध्ये वेगळं बसायची सक्ती कायद्यानं संपली ती मात्र ब्राउडर विरुद्ध गेल या दाव्यात, आणि त्यात रोझा पार्क्स पक्षकार नव्हत्या. त्यांच्यावरचा फौजदारी खटला राज्याच्या कोर्टात अडकलेला होता, म्हणून फ्रेड ग्रे या पंचविशीतल्या वकिलानं दुसऱ्या चार महिलांच्या नावे फेडरल कोर्टात स्वतंत्र दावा लावला. दावा कुठे आणि कोणाच्या नावे लावायचा हा निर्णय किती महत्त्वाचा असतो ते यात बघा. तीन न्यायाधीशांपुढे अडचण अशी होती : १९५४ चा सुप्रीम कोर्टाचा ब्राउन निकाल, गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवणारा, शाळांपुरता होता. वाहनांबाबतचा १८९६ चा प्लेसी निकाल, 'वेगळं पण समान' वाला, कोणी उघडपणे रद्द केलेला नव्हता. मग खालच्या कोर्टानं काय करायचं? वरच्या कोर्टानं स्वतः मोडेपर्यंत जुना निकाल पाळायचा, की त्याचा पाया ढासळला आहे हे ओळखायचं? न्यायमूर्ती लिन म्हणाले, पाळायचा. रिव्हज आणि जॉन्सन म्हणाले, ब्राउननंतर प्लेसीत काही उरलेलं नाही. ५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं तो कायम केला आणि २१ डिसेंबरला बस सगळ्यांना सारखी झाली. बंधनकारक पूर्वनिर्णयाचा हा पेच आपल्याकडेही रोज येतो. लिन यांचा असहमतीचा निकाल दुष्टपणाचा नव्हता, तो प्रामाणिक आणि काटेकोर होता. दोन्ही मतं शेजारी ठेवून वाचा.

त्यानंतर जॉन्सन यांच्या अंगणात क्रॉस जाळला गेला, ही वर्णद्वेष्ट्यांची धमकी द्यायची रीत. शहरातल्या प्रतिष्ठित गोऱ्या लोकांनी त्यांच्या घरी येणं-जाणं सोडलं. जॉन्सन दांपत्य मुळातच मेजवान्यांत रमणारं नव्हतं. संध्याकाळी ते सुतारकामाच्या खोलीत बसायचे. घरातलं फर्निचर, उंच उभी घड्याळं स्वतःच्या हातानं बनवायचे. कोर्टात हातोडा वापरत नसत. अर्ध्या काचांच्या चष्म्यावरून बघितलं की कोर्ट शांत व्हायचं, असं तिथे काम केलेले वकील सांगत.

आता वॉलेस. १९५८-५९ मध्ये फेडरल नागरी हक्क आयोगाला मतदार नोंदणीची रजिस्टरं तपासायची होती. वॉलेस तेव्हा बार्बर आणि बुलक काउंटीचे राज्य-न्यायाधीश होते. त्यांनी रजिस्टरं जप्त करून स्वतःकडे ठेवली आणि आयोगाचा माणूस आला तर तुरुंगात टाकीन असं जाहीर केलं. जॉन्सन यांनी रजिस्टरं द्यायचा हुकूम काढला, न दिल्यास अवमानाची कारवाई. जॉन्सन यांनी पुढे सांगितलेली हकिगत अशी की, एका रात्री वॉलेस त्यांच्या घरी आले. म्हणणं असं की राजकारणासाठी थोडी शिक्षा झालेली चालेल, पण फार दिवसांची नको. कॉलेजातली ओळख, रात्रीची वेळ, घराचं दार. जॉन्सन यांनी सांगितलं की हुकूम मोडलास तर सवलत मिळणार नाही. मग वॉलेस यांनी रजिस्टरं गुपचूप ग्रँड ज्युरींच्या, म्हणजे खटला भरायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळांच्या, हाती दिली आणि त्यांच्यामार्फत ती आयोगाला बघायला मिळाली. बाहेर मात्र ते सांगत राहिले की मी झुकलो नाही.

इथे जॉन्सन यांनी काय केलं ते नीट बघा. तुरुंगात टाकलं असतं तर वॉलेस हुतात्मा झाले असते. आणि रजिस्टरं दिली गेली होती, म्हणजे अवमान झालेला नव्हता. जॉन्सन यांनी तसंच लिहिलं : आडवाटेनं का होईना, पण या गृहस्थांनी हुकूम पाळला आहे, अवमान नाही. ज्याला 'मी झुकलो नाही' म्हणून मिरवायचं होतं, त्याला कोर्टानं निकालपत्रात 'याने हुकूम पाळला' असं प्रमाणपत्र दिलं. वॉलेस यांनी त्यांना भर सभांमधून खोटारडा म्हटलं, १९६२ मध्ये ते गव्हर्नर म्हणून निवडून आले, आणि पुढची कित्येक वर्षं अलाबामाचा कारभार या दोघांमध्ये वाटल्यासारखा झाला. एकाकडे राज्याची सत्ता, दुसऱ्याकडे त्याच राज्यावरचे मनाई हुकूम.

मतदार नोंदणीच्या दाव्यांत त्यांची कामाची पद्धत पहिल्यांदा पूर्ण दिसते. कायदा कागदावर सगळ्यांना सारखाच होता : अर्ज भरा, वाचता-लिहिता येतं हे दाखवा. सरकारी बाजू म्हणायची, भेदभाव कुठे आहे दाखवा. न्याय विभागानं हजारो जुन्या अर्जांच्या प्रती कोर्टात आणल्या. त्यांतून दिसलं की शिकलेल्या कृष्णवर्णीय शिक्षकांचे अर्ज क्षुल्लक चुकांसाठी फेटाळले आहेत, आणि ज्यांना धड लिहिता येत नाही अशा गोऱ्यांचे अर्ज अधिकाऱ्यांनी मदत करून भरून घेतले आहेत. जॉन्सन यांनी नुसतं 'भेदभाव थांबवा' म्हटलं नाही. इतकी वर्षं गोऱ्यांना जी सवलत दिली, तीच आता कृष्णवर्णीयांना द्या, असा हुकूम केला. म्हणजे सगळ्यात कमी पात्रतेचा जो गोरा मतदार तुम्ही नोंदवला, त्याचीच पात्रता आता सगळ्यांना लागू. उद्यापासून सगळ्यांची कडक परीक्षा घेऊ असं म्हणून सुटता येणार नाही, कारण कालचे अपात्र लोक यादीत बसलेलेच आहेत. अशा विषयात केवळ पुढच्यापुरती मनाई किती पोकळ ठरते, हे इतकं नेमकं पकडलेला हुकूम मी दुसरा वाचलेला नाही.

ते चुकलेही. टस्कीगी गावाची हद्द राज्य विधिमंडळानं बदलली. जे गाव चौकोनी होतं त्याला २८ बाजू आल्या, आणि जवळजवळ ४०० कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून सगळे गावाबाहेर गेले. गोरा एकही गेला नाही. हद्द ठरवणं हा विधिमंडळाचा अधिकार, आम्ही त्यात पडू शकत नाही, म्हणून जॉन्सन यांनी तो दावा काढून टाकला. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल एकमतानं फिरवला. मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो, कारण जॉन्सन हे आंदोलनाचे कार्यकर्ते नव्हते हे त्यातून कळतं. पुढे मात्र, अधिकार विधिमंडळाचा आहे एवढ्यावर ते कधी थांबलेले दिसत नाहीत.

अलाबामातल्याच सेल्मा गावच्या मोर्चाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. ७ मार्च १९६५, रविवार. मतदानाच्या हक्कासाठी सेल्माहून माँटगोमेरीला चालत निघालेल्या मोर्चाला राज्य पोलिसांनी पुलापाशी लाठ्या आणि अश्रुधुरानं झोडपलं. आंदोलकांचे वकील जॉन्सन यांच्याकडे आले : मंगळवारी पुन्हा निघायचं आहे, पोलिसांना मनाई करा. जॉन्सन यांनी सुनावणी होईपर्यंत मोर्चाच थांबवला. अनेकांना तो घाव वाटला. मार्टिन ल्यूथर किंग मंगळवारी लोकांना घेऊन पुलापर्यंत गेले, प्रार्थना केली आणि परत फिरले. मग सुनावणी झाली. मार खाल्लेले लोक साक्षीला उभे राहिले, त्या दिवशीची चित्रफीत कोर्टात दाखवली गेली. आणि जॉन्सन यांनी आंदोलकांच्या वकिलांना सांगितलं की मोर्चाची लेखी योजना द्या. किती माणसं, कोणता रस्ता, रात्री मुक्काम कुठे, जेवण, पाणी, संडास, डॉक्टर, सगळं लिहून.

१७ मार्चला निकाल आला. त्यातलं एक वाक्य गाजलं. त्याचा आशय असा : शांततेनं जमण्याचा आणि हमरस्त्यावरून चालण्याचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाविरुद्ध दाद मागितली जाते आहे तो किती मोठा, त्या प्रमाणात ठरायला हवं, आणि इथे अन्याय प्रचंड आहे. वाक्य ऐकायला भव्य आहे. पण वकील म्हणून मला त्याची धास्ती वाटते. कोणाचं दुःख किती मोठं हे मोजून न्यायाधीश रस्ता देऊ लागला, तर उद्या ज्याचं दुःख त्याला छोटं वाटेल त्यानं काय करायचं? अमेरिकेतल्या टीकाकारांनीही हा आक्षेप घेतला आहे आणि तो खोडून काढणं अवघड आहे. त्या वाक्यापेक्षा मला मोलाची वाटते ती निकालासोबतची योजना. चौपदरी रस्त्यावर संख्येला मर्यादा नाही. रस्ता दुपदरी होतो त्या पट्ट्यात ३०० च माणसं चालतील, म्हणजे वाहतूक सुरू राहील. योजना समोर असल्यामुळे 'रस्ता बंद पडेल' हा राज्याचा युक्तिवाद हवेत विरला. २१ मार्चला मोर्चा निघाला, २५ ला सुमारे २५ हजार लोक माँटगोमेरीत पोचले. बंदोबस्ताचा खर्च झेपत नाही असं वॉलेस म्हणाले, तेव्हा राष्ट्राध्यक्षांनी सैन्य आणि नॅशनल गार्ड दिलं. मतदान हक्क कायदा त्याच ऑगस्टमध्ये आला.

२५ मार्चच्या रात्रीच लाउंड्स काउंटीत व्हायोला लियुझो या स्वयंसेविकेला कू क्लक्स क्लान या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेच्या माणसांनी गाडीतून गोळ्या घातल्या. मोर्चातल्या लोकांना त्या गाडीनं पोचवत होत्या. मारेकऱ्यांच्या गाडीत एफबीआयचा खबऱ्या बसलेला होता, म्हणजे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार हजर. तरी राज्याच्या कोर्टात एकदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि दुसऱ्यांदा आरोपी निर्दोष सुटला. मग १८७० च्या जुन्या नागरी हक्क कायद्याखाली, कटाच्या आरोपावर, तिघांविरुद्ध जॉन्सन यांच्यापुढे खटला चालला. ज्युरी परत आली आणि म्हणाली, एकमत होत नाही. जॉन्सन यांनी त्यांना पुन्हा आत पाठवलं. अजून पुरेसा विचार झालेला नाही, असं सांगून. ज्युरीनं तिघांनाही दोषी ठरवलं. कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षं होती, तेवढी दिली. त्या काउंटीत कृष्णवर्णीयांची बहुसंख्या होती, आणि १९६५ च्या सुरुवातीला त्यांच्यातला एकही मतदार नव्हता. ज्युरीच्या यादीतून कृष्णवर्णीय वगळले जात होते, आणि अलाबामाच्या कायद्यानं स्त्रियांना ज्युरीत बसताच येत नव्हतं. हे दोन्ही जॉन्सन ज्या पीठावर होते त्या पीठानं पुढच्याच वर्षी रद्द केलं.

शाळांच्या दाव्यात वॉलेस यांनीच नकळत पुरावा पुरवला. १९६३ मध्ये टस्कीगीची शाळा मुलं एकत्र बसवून उघडणार होती, ती थांबवायला वॉलेस यांनी राज्य पोलीस पाठवले. फ्रेड ग्रे यांनी यावरूनच मुद्दा उभा केला : स्थानिक मंडळ तयार असताना राज्य अडवतं, म्हणजे शाळांवर ताबा राज्याचा आहे. मग एकेका गावावर दावा कशाला? १९६७ मध्ये तीन न्यायाधीशांनी एकाच हुकमात ९९ शालेय मंडळांना भेदभाव संपवायला लावला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये जॉन्सन यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. फोनच्या डिरेक्टरीत ते घर वडिलांच्या नावावर होतं, आणि बाप-लेकाचं नाव एकच. आई घरात होत्या, सुदैवानं वाचल्या. फेडरल मार्शल वर्षानुवर्षं जॉन्सन यांच्या घराभोवती पहारा देत. १९७५ मध्ये त्यांच्या दत्तक मुलानं आत्महत्या केली. याबद्दल मी अधिक लिहीत नाही. इतकंच की पुढच्या काही महिन्यांत दिलेला तुरुंगांचा निकाल वाचताना ही तारीख माझ्या मनातून जात नाही.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तिथे येतो. टस्कलूसा गावात ब्राइस नावाचं राज्याचं मनोरुग्णालय होतं, पाच हजारांच्या आसपास रुग्णांचं. १९७० मध्ये सिगारेटवरच्या कराचं उत्पन्न घटलं म्हणून ९९ कर्मचाऱ्यांना काढलं. कर्मचारी कोर्टात आले आणि सोबत रुग्णांच्या वतीनं रिकी वायट या पंधरा वर्षांच्या मुलाला वादी केलं. त्याला मानसिक आजार नव्हता, उनाड म्हणून तिथे टाकलेला होता. त्याची आत्या-मावशीच्या नात्यातली बाई तिथेच कामाला होती, आणि काढलेल्यांत तीही होती. जॉन्सन यांनी नोकऱ्यांचा प्रश्न बाजूला केला आणि विचारलं : या रुग्णांचं काय? त्यांनी गुन्हा केलेला नाही. उपचारासाठी म्हणून त्यांच्या मर्जीविरुद्ध कोंडलं आहे. मग उपचार नसतील तर कोंडण्याला आधार कोणता? मार्च १९७१ मध्ये त्यांनी उपचार हा घटनात्मक हक्क आहे असं ठरवलं. राज्याला सहा महिने दिले. सहा महिन्यांत काही झालं नाही.

पुराव्यात काय आलं बघा. उपचाराच्या कामात थेट असलेले, मनोविकाराचं थोडंफार शिक्षण घेतलेले तीन डॉक्टर, एक मानसशास्त्रज्ञ, दोन समाजसेवक. एका रुग्णाच्या जेवणावर दिवसाला पन्नास सेंटपेक्षा कमी खर्च. दाव्यात मतिमंदांची पार्टलो संस्थाही होती. तिथला एक रहिवासी कढत पाण्याच्या माऱ्यानं भाजून मेला होता.

एप्रिल १९७२ चा हुकूम काढा आणि त्याचं परिशिष्ट वाचा. एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत. प्रत्येकामागे किमान ८० चौरस फूट जागा. आठ रुग्णांमागे एक संडास. पंधरा जणांमागे एक न्हाणी. आतलं तापमान ६८ अंश फॅरनहाइटच्या खाली आणि ८३ च्या वर जाता कामा नये. नळाला येणारं गरम पाणी ११० अंश. अडीचशे रुग्णांमागे किती डॉक्टर, किती परिचारिका, किती स्वयंपाकी. हे आकडे जॉन्सन यांनी मनानं काढले नव्हते. दोन्ही बाजू, न्याय विभाग आणि मानसशास्त्रज्ञांच्या संघटना यांना बसवून बरीचशी मानकं संमतीनं ठरवली, उरलेल्यांवर साक्षी घेतल्या. त्यामुळे अपिलात 'न्यायाधीश रुग्णालय चालवतो आहे' ही ओरड झाली तरी १९७४ मध्ये मुख्य हुकूम टिकला.

मी पहिल्यांदा हे परिशिष्ट वाचलं तेव्हा माझीच एक याचिका आठवून मला वाईट वाटलं. मुलांच्या एका निवासी संस्थेबद्दल ती होती. छत गळत होतं, चाळीसेक मुलांना दोन संडास आणि त्यातल्या एकाला दार नाही. मी प्रेयरमध्ये, म्हणजे याचिकेच्या शेवटी कोर्टाकडे जे मागतो त्यात, लिहिलं होतं, 'प्रतिवादींनी योग्य त्या मूलभूत सुविधा पुरवाव्यात'. कोर्टानं माझी विनंती जशीच्या तशी मान्य केली : योग्य ती कार्यवाही करावी. आम्ही पेढे वाटले. आठ महिन्यांनी गेलो तर दार लावलेलं होतं, बाकी सगळं तसंच. अवमान याचिका करायला बसलो तेव्हा कळलं की अवमान कशाचा झाला हे दाखवताच येत नाही. 'योग्य ती कार्यवाही' त्यांनी केली होती. चूक कोर्टाची नव्हती, मी मागितलेलंच मोघम होतं. त्यानंतर मी प्रेयर लिहायच्या आधी टेप घेऊन जागेवर जातो.

जानेवारी १९७६ चा तुरुंगांचा हुकूम याच घडणीचा. चार फूट बाय आठ फुटांच्या एकांत कोठड्या, दिवा नाही, अंथरूण नाही, जमिनीत एक भोक हाच संडास, आणि अशा एकेका कोठडीत सहापर्यंत कैदी कोंबलेले. कैदी तिला कुत्र्याचं घर म्हणत. पैसे नाहीत हे राज्याचं उत्तर. जॉन्सन यांनी म्हटलं की बजेटमध्ये सुखानं बसतील तेवढेच घटनात्मक हक्क द्यायचे, अशी मुभा राज्याला नाही. पुन्हा आकडे, पुन्हा मुदती, आणि देखरेखीला ३९ नागरिकांची समिती. तरी काम हललं नाही. तेव्हा १९७९ मध्ये त्यांनी तुरुंगांचा कारभार रिसीव्हरकडे, म्हणजे कोर्टानं नेमलेल्या कारभाऱ्याकडे, दिला आणि रिसीव्हर म्हणून नेमलं खुद्द नव्या गव्हर्नरांना, फोब जेम्स यांना. ज्याच्या हातात तिजोरी त्यालाच कोर्टाचा अधिकारी केलं.

आपल्याकडे १९८३ मध्ये शीला बारसे यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टानं मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांसाठी निर्देश दिले : स्त्रियांसाठी ठराविक वेगळ्या कोठड्या, पहाऱ्याला महिला पोलीस, सत्र न्यायाधीशांची अचानक भेट. त्या निकालाचा जॉन्सन यांच्याशी थेट संबंध आहे असं मी म्हणत नाही, पण दोन्ही शेजारी ठेवून वाचलेत तर हुकूम कसा घडतो ते दिसेल.

या पद्धतीवरचे आक्षेपही खरे आहेत. ब्राइसमधली गर्दी कमी झाली, पण बाहेर पडलेल्या सगळ्यांसाठी गावात सोय होतीच असं नाही. वायट यांचा दावा ३३ वर्षं चालून २००३ मध्ये बंद झाला. इतका काळ एखादं खातं कोर्टाच्या देखरेखीखाली असावं का, हा प्रश्न कोणालाही पडेल. मला विचाराल तर पर्याय काय होता ते आधी सांगा, असं मी म्हणेन. त्या रुग्णांना मत नव्हतं आणि त्यांच्यासाठी निवडणूक लढवणारा कोणी नव्हता.

पुढचं थोडक्यात. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्यांना एफबीआयचं संचालकपद देऊ केलं, पण महाधमनीच्या शस्त्रक्रियेमुळे ते राहून गेलं. १९७९ मध्ये ते अपील कोर्टात गेले. तिथला त्यांचा एक निकाल जरूर बघा : १९८५ मध्ये त्यांनी ठरवलं की ज्या कायद्याखाली जॉर्जिया राज्यात समलिंगी संबंध गुन्हा ठरत, तो मूलभूत हक्काला धक्का लावतो आणि राज्यानं त्यासाठी भक्कम कारण दाखवायला हवं. पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं पाच विरुद्ध चार मतांनी तो निकाल फिरवला, आणि २००३ मध्ये स्वतःचाच तो निकाल मोडला. समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं ठरवणाऱ्या आपल्या नवतेज जोहर निकालापर्यंतची वाट समजून घ्यायची असेल तर त्या मालिकेत हाही टप्पा आहे. १९७२ मध्येही असंच झालं होतं. सैन्यातल्या विवाहित स्त्रीला पतीसाठी भत्ता मागताना वेगळे निकष का, या प्रश्नावर जॉन्सन पीठात एकटे पडले आणि पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टानं आठ विरुद्ध एक मतांनी त्यांच्या बाजूचा निर्णय दिला. १९९५ मध्ये त्यांना प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळालं. २३ जुलै १९९९ रोजी माँटगोमेरीत ते वारले. ज्या इमारतीत ते बसायचे तिला १९९२ पासून त्यांचंच नाव आहे.

वाचायचा क्रम सांगतो. चरित्रापासून सुरुवात करू नका. आधी वायट विरुद्ध स्टिकनी, १९७२ चं परिशिष्ट. मग विल्यम्स विरुद्ध वॉलेस, म्हणजे सेल्माचा निकाल, त्यातली मोर्चाची योजना आधी आणि ते गाजलेलं वाक्य नंतर. मग ब्राउडर, लिन यांच्या असहमतीसकट. हे झालं की तुमच्या गावातलं एखादं सरकारी वसतिगृह किंवा सुधारगृह बघून या, आणि माणसं, नळ, संडास मोजून एक प्रेयर लिहा. लिहिलंत की मला पाठवा, मी वाचून दुरुस्त्या सुचवीन.